बाबाचा सात नंबर

बाबाला सात नंबर ऐकायचा होता. नाव विचारलं तर म्हणे, "नाव कशाला? सात नंबर!" लग्नाच्या बँडवाल्यांची हीच रीत, प्रत्येक चालीला एक नंबर. मास्तर ओरडणार "सात", की सगळे सुरू. बाबा तरुणपणी आमच्या गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, शेजारी त्याचा थोरला भाऊ. सात नंबर म्हणजे मास्तरांनी कुठल्याशा हॉटेलात ऐकून उचललेली विलायती नाचाची चाल. असल्या चालीला स्विंग म्हणतात, हे मला आत्ता कळलं.

घाई होती. बाबाचा उजवा कान गेलेला, डावाही हळूहळू चाललाय. डॉक्टर म्हणाले, मशीन लावलं की बोलणं कळेल, गाण्याचं काही सांगता येत नाही. म्हणून त्याला नेरूळला माझ्याकडे आणलं आणि मी फोन घेऊन बसले.

पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. 'स्विंग' टाकलं तर बाल्कनीतले झोपाळे, पंधरा दिवसांत घरपोच. 'जॅझ' टाकलं तर आठ-आठ तासांचं झोपायचं संगीत, वर खिडकीतली मांजर आणि कॉफीचा कप. अरे, नाचायचं गाणं मागतेय मी, अंगाई नाही! फोनने चाल ओळखावी म्हणून बाबाला त्याच्यासमोर गुणगुणायला लावलं, तर त्या दीडशहाण्याने आधी भजन दाखवलं, मग टूथपेस्टची जाहिरात.

मग जुनं क्लॅरिनेटवालं जे जे सापडेल ते त्याच्या डाव्या कानाला लावत गेले. दोन ओळी ऐकायचा आणि मान हलवायचा, "ह्यो नाय." आठवडाभर तेच. ऑफिसातून यायचं, कुकर लावायचा आणि "ह्यो नाय" ऐकायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "तुला तरी आठवतोय का नक्की?" तो पुन्हा पहिल्यापासून गुणगुणायला लागला. मलाच लाज वाटली.

रविवारी तो बाल्कनीत सुका जवळा निवडत बसला होता, उजवा कान माझ्याकडे, म्हणजे मी ढोल वाजवला तरी ऐकू येणार नव्हता. त्याचं आपलं सात नंबर गुणगुणणं चालू. मी आत भाजी चिरता चिरता त्याने आठवड्यात नाकारलेलं एक गाणं पुन्हा लावलं. आणि हातातली सुरी थांबली. डब्यावर झाकण बसावं तसं त्याचं गुणगुणणं त्या गाण्याखाली बसत होतं. तो जोडीचा सूर होता. बाबा बँडमध्ये दुसरा क्लॅरिनेट! मुख्य चाल वाजवायचा त्याचा भाऊ. हा बाबा आठवडाभर मला फक्त स्वतःची बाजू ऐकवत होता.

ओले हात तसेच घेऊन धावले, फोन त्याच्या डाव्या कानाला लावला. त्याची बोटं जवळ्यातच हलायला लागली.

"ह्यो तं भाऊचा," तो म्हणाला.

"मग आठवडाभर 'ह्यो नाय' काय लावलं होतंस!" मी ओरडलेच. रडूही येत होतं, रागही.

"मी माजा शोधत होतो गो. माजा तं मना पाठ हाय." भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबाने फोन माझ्या हातातून घेतला, कानावर घट्ट दाबला. "भाऊचा वाजू दे. वाढव जरा."

आवाज केव्हाच पूर्ण वाढवलेला होता. तरी मी बटण दाबलं.