आत्याबाईंचा माळ

माळावरून जाणाऱ्या कुठल्याही माणसाच्या तोंडातली बिडी काढून घ्यायचा हक्क आमच्या वाडीत एकट्या आत्याबाईंना होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. रांजणगावला तेव्हा नुकत्या कंपन्या आल्या होत्या. पहिल्या पाळीची पोरं माळाच्या पायवाटेनं बस गाठायला निघत. आत्याबाई मेंढरांमागून येऊन वाट अडवत, हात पुढं करत, "आण हिकडं." घेतलेली बिडी वहाणेखाली चिरडत आणि वर माती लोटत. एकदा नव्या जावयाचीही काढून घेतली. जावई रुसून जेवला नाही. "त्यो उपाशी ऱ्हाईल, पन माळ तर ऱ्हाईल," म्हणत ह्या आपल्या भाकरी थापत बसल्या.

त्यांची दुसरी खोड याहून विचित्र. दिवाळी सरली, गवत पिवळं पडायला लागलं, की वाडी आणि माळ यांच्या मधल्या पट्ट्यातच त्या मेंढरं चारत. समोर गुडघाभर गवत डोलतंय, आणि आमची मेंढरं तोच पट्टा पुन्हा पुन्हा खरवडतायत. खालची माती उघडी पडेपर्यंत त्यांची सुटका नसे. त्यांचे धाकटे दीर, तात्या, चारचौघांत हसत, "वैनीची मेंढरं धूळ खाऊन पोट भरत्यात!" आत्याबाई उत्तराच्या फंदात पडत नसत.

उत्तर मिळालं ते एका चैत्रात. आमच्याकडे एक खुळी समजूत होती, अजूनही असेल. वाळलेलं गवत पेटवलं की पावसाळ्यात कोवळं जोमानं येतं म्हणे. पलीकडच्या गावात कुणीतरी बांध पेटवला, भर दुपारी वारा फिरला आणि बघता बघता अख्खा माळ वणव्याच्या तोंडी गेला. लिंबाचे डहाळे, ओली पोती घेऊन आम्ही सगळे धावलो, पण धग अशी की जवळ जाववेना. ससे आमच्या पायांतून पळत होते. आत्याबाई पट्ट्यावर उभ्या राहून ओरडल्या, "म्होरं जाऊ नगा! हितंच थांबा, उडंल ती ठिणगी मारा!" आग पट्ट्यापर्यंत आली. तिथं तिला खायला काहीच नव्हतं. मेंढरं, कडब्याच्या गंजी, घरं, सगळं वाचलं. ही माझी सासू, असं वाडीभर ओरडून सांगावंसं वाटलं मला.

माळ मात्र काळाठिक्कर पडला. तित्तिरांची हाक बंद झाली. वाळत घातलेल्या धुण्यावर राख येऊन बसे. पाऊस झाला, कोंब फुटले, तशी तात्यांनी आपली मेंढरं माळाकडं वळवली. आत्याबाई काठी घेऊन वाटेत उभ्याच.

"भावजी, माळ बाळंतीण हाय. बाळंतिणीला कवा जात्याला बसवत्यात व्हय?"

"आन् मेंढरांनी काय खायचं? तुमची बी हाडकली की!"

"हाडकू द्या. हाडकल्यालं मेंढरू पुन्यांदा भरतं. उपटल्यालं मूळ न्हाई भरत."

बोलल्या तशा वागल्याही. ओढ्याकाठच्या बाभळींचा पाला तोडून आणून त्यांनी मेंढरं जगवली. हातांना काट्यांचे ओरखडे, तरी माळाला तोंड लावू दिलं नाही. ते पाहून तात्याही मुकाट पाला तोडायला लागले. दिवाळीला माळ बी धरून उभा होता. लुगड्याला चिकटलेली कुसळं आत्याबाई दागिना दाखवावा तशी तळेगावच्या बाजारात दाखवत हिंडल्या.

आत्याबाई वारल्या त्या वणव्यानंतर काही वर्षांनी, ऐन फाल्गुनात. माळ वाळून खडखडीत झाला होता. आमचं मसनवट माळापलीकडं, पायवाटेनं अगदी जवळ. सडकेनं जायचं तर लांबचा वळसा. तिरडी उचलली. पुढं माझे मालक, हातात विस्तवाचं मडकं. रोजच्या सवयीनं ते पायवाटेकडं वळले. तिरडीला खांदा दिलेले तात्या मागून म्हणाले, "आरं, सडकेनं चल. वैनीच्या माळात इस्तू न्यायचा न्हाई."

मी दारात उभी होते. भर उन्हात सगळी वाडी वळसा घालून गेली.