जावईबापूंची गळती

आमच्या जावईबापूंसारखा माणूस शोधून सापडायचा नाही. मुलगी बघायला येऊन भावी सासऱ्याला ‘पगार सध्या काही नाही, पण किंमत बारा कोटी आहे’ असं शांतपणे सांगणारा दुसरा कुणी माझ्या तरी ऐकिवात नाही. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या मला पोह्यांचा घास उतरेना. मग त्यांनी खुलासा केला की किंमत त्यांची नव्हे, कंपनीची; गुंतवणूकदारांनी थोडे पैसे घालून लहानसा हिस्सा घेतला, त्या भावानं सगळ्या कंपनीची मांडलेली. मला ते गिऱ्हाईक न आलेल्या प्लॉटसारखं वाटलं. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, मात्र मुलगा पसंत पडला. ती म्हणाली, पगार आहे असं ठोकून देता आलं असतं, तो खरं बोलला.

कंपनी महाप्याला, दोन खोल्यांत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला ती घरोघरी मावश्या पाठवायची. जावईबापूंना दिसेल ते मोजायची खोड. खांदेश्वरला आमच्याकडे आले की कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याला विचारत, एक नवं गिऱ्हाईक मिळवायला किती खर्च येतो आणि ते किती वर्षं टिकतं? त्यांना महापालिकेचे समजून तो बिचारा जास्तीची चटणी वाढी. हिनं डाळीचा डबा उघडला की यांचा प्रश्न, “आई, रनवे किती?” म्हणजे आहे त्यात किती दिवस निघतील. “एकादशीपर्यंत,” ही सांगे. मला जे वर्षभरात कळलं नाही ते हिला आठवड्यात कळलं होतं.

एका आकड्यापाशी मात्र ते गप्प होत. दर महिन्याला किती गिऱ्हाइकं सोडून गेली, ती गळती. गुंतवणूकदार आधी तीच बघतात. जावईबापूंची गिऱ्हाइकं सोडून जात नसत, वारत. त्यांच्यासाठी यांनी तक्त्यात वेगळा रकाना केला होता, आणि प्रत्येकाच्या तेराव्याला ते जात. एकदा तिथून थेट गुंतवणूकदारांच्या बैठकीला गेले आणि खिशातला तेराव्याचा लाडू समोरच्या साहेबांना दिला. साहेबांनी तो खाल्लाही.

दोन वर्षांपूर्वी एक मोठी कंपनी पैसे घालायला तयार झाली. किंमत ठरली चाळीस कोटी. अट एकच होती, शेवटच्या टप्प्यातले पेशंट ठेवायचे नाहीत. त्यांच्यावर खर्च फार, आणि चार महिन्यांत गळती. त्याऐवजी गुडघ्याच्या ऑपरेशनवाले घ्या. अट झिडकारण्यासारखी परिस्थिती नव्हती. साठ मावश्यांचे पगार त्यावर अवलंबून होते. त्याच महिन्यात डॉक्टरांनी हिला घरी न्यायला सांगितलं. यकृत संपलं होतं. जावईबापूंनी धाडलेल्या घणसोलीच्या सुगंधामावशी सकाळीच येत, “आई, पानी घेता का थोरं?” म्हणत हिच्या उशाशी बसत.

जावईबापू सही करीनात. आज वकील नाही, उद्या कागद अपुरे. समोरच्यांना आधी वाटलं हा भाव वाढवतोय, मग वाटलं काहीतरी लपवतोय. चाळीसचे अठ्ठावीस झाले. पगारासाठी यांनी गाडी विकली. मुलीनं ते मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, पण हिनं ऐकलं.

दुपारी ते आले तेव्हा हिनं सरळ विचारलं, “माझ्यासाठी थांबलात ना?”

मी मध्येच म्हणालो की मावशींना मी वेगळे पैसे देऊन ठेवीन, तुम्ही सही करून टाका.

“बाबा, आईंसारखे यादीत अजून अकरा आहेत,” ते म्हणाले. “नवीन घेणं मी बंद केलंय. पण घेतलेल्यांच्या घरी फोन करून काय सांगू?”

“म्हणजे आम्ही सगळे जाईपर्यंत थांबणार?”

ते खाली बघत ‘हो’ म्हणाले. हिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. “मग मला घाई करायला हवी,” ती म्हणाली.

मार्गशीर्षात ती गेली. यादीतले शेवटचे आजोबा रबाळ्याचे, ते होळीनंतर गेले. त्यांचं तेरावं करून जावईबापूंनी सही केली. किंमत अठरा कोटी.

आता कंपनी जोरात आहे. गुडघेवाले चालायला लागतात, हात हलवून निरोप घेतात. जावईबापू हल्ली इडली मुकाट्यानं खातात.

गेल्या रविवारी ते आमच्याकडे होते. तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला. काकांना दवाखान्यानं घरी पाठवलं होतं. “नाही काकू,” ते म्हणाले, “आता आम्ही तसे पेशंट घेत नाही.” फोन ठेवला, आणि चहा तसाच टाकून खाली गेले.

तासाभरानं वर आले तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

“काकांचं अंग पुसून कूस बदलून दिली,” ते म्हणाले. “उद्या सकाळी परत येतो.”

मी त्यांचा चहा पुन्हा गरम करायला ठेवला.