आईच्या पोटावरच्या तीन पट्ट्या

आईच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा आधी पायाखालची जमीनच सरकली. पण डॉक्टर म्हणाले, "चरबीची साधी गाठ दिसतेय. आतड्यात क्वचितच होते. दुर्बिणीने काढू." झालं, मी चेकाळलेच! खापर गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. पोट न फाडता आतड्याचा तुकडा काढायचा आणि टोकं पुन्हा जोडायची, या कल्पनेनेच मला भलता हुरूप आला. नंदुरबारच्या दवाखान्यात ऑपरेशन चालू असताना मी वडिलांना हातवारे करून सगळं समजावत होते. ते बिचारे नुसती मान हलवत होते.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन ट्रेमधली गाठ आम्हाला दाखवली आणि तपासायला पाठवून दिली. लिंबाएवढी, पिवळीधमक! आई तेव्हा गुंगीत होती.

दोन-तीन दिवसांत ती चालायला लागली. आम्ही सगळे खुशीत आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाली, "चूलना मांगे राखना गाडगामा वांगानं बी शे. ध्यानमा ठेव."

मी चरकले. भरताच्या वांग्याचं ते बी ती दरवर्षी स्वतः धरते, स्वतः पेरते. चुलीमागच्या त्या राखेच्या गाडग्याला तिने कधी मलाही हात लावू दिला नव्हता.

"माय, हाई आते काब्रं सांगी ऱ्हायनी?" मी कारण विचारलं.

तिने पदर बाजूला करून पोटावरच्या तीन पट्ट्या दाखवल्या. "तुन्ही मावशीनं पोट उघाडं, दखं, नि तसंच शिवी टाकं. मन्हं तर उघाडं बी नही. इतलासा भोकमातीन गाठ निंघस का?"

मावशीचा कॅन्सर पसरलेला बघून डॉक्टरांनी तिचं पोट तसंच शिवलं होतं आणि ती त्यातच गेली. म्हणजे इतके दिवस ही बाई गाठ आतच आहे असं समजून मनातल्या मनात मरणाची तयारी करत होती! मला रडूच फुटलं. तशीच डॉक्टरांकडे धावले.

दुर्बिणीतून दिसलेलं सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर साठवलेलं होतं. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. गुलाबी, ओलसर आतडं हळूच हललं.

"हाई मन्हं शे?"

"तुमचंच, मावशी."

बारीक चिमट्यांनी फुगलेला भाग उचलला, कापला, टोकं जोडली. शेवटी बेंबीजवळच्या छेदातून गाठीसकट तुकडा बाहेर आला. आईचा हात आपोआप तिथल्या पट्टीवर गेला.

"तपासणीतही साधीच गाठ निघाली," डॉक्टर म्हणाले. "कॅन्सर नाही."

"परत दखाडा," आई म्हणाली.

दुसऱ्यांदा बघताना ती पडद्याला नाक लावायचीच बाकी होती. गाठ बाहेर आली तशी ती हसली, टाके ओढले गेले म्हणून कण्हली, आणि तरी हसतच राहिली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

खोलीत परतताना तिने माझा दंड घट्ट धरला.

"गाडगाले हात लावू नको," ती म्हणाली. "वांगा मीच पेरसू."