निळं पाणी आणि कपाटातला फॉर्म

गंगाखेडच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली. शिकवली म्हणजे फळ्यावर यादी लिहून दिली : पाणी निळे, झाड हिरवे, छप्पर लाल. गावातली छपरं पत्र्याची, पण यादीत लालच. एक वही तपासली की सगळ्या तपासल्यासारख्या.

आठवीतल्या एका मुलीनं गोदावरी चहाच्या रंगाची रंगवली. मी फुली मारली. ती म्हणाली, "सर, घाटावर चला की, दाखवते." वर्ग हसला. घाट पाच मिनिटांवर होता. मी गेलो नाही. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेचा तिचा फॉर्म मात्र अडवून ठेवला आणि तिला सांगितलं, "तुझ्या वडलांनी सही करायला उशीर केला." सही वेळेवर झाली होती. फॉर्म माझ्या कपाटात होता. हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

परवा नात परभणीहून कॉलेजचा प्रकल्प घेऊन आली. लोक एखादा शब्द लिहून जे फोटो नेटवर टाकतात ते गोळा करायचे आणि त्यांत कोणता रंग जास्त आहे हे कॉम्प्युटरनं काढायचं. तो त्या शब्दाचा रंग. फोटो सगळे आपल्याच जिल्ह्यातले. 'विकास' खोदाईच्या मशीनसारखा पिवळा निघाला. 'समाजसेवा' कडक इस्त्रीची पांढरी. 'शुभ सकाळ' गुलाबी. 'पश्चात्ताप' या शब्दाला फोटोच मिळाले नाहीत.

'पाणी' निळं निघालं. मी खुर्चीतून उठलोच. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लगेच लिहिलं : 'पाणी निळेच असते. आता कॉम्प्युटरनेही मान्य केले. सर कधी चुकत नाहीत.'

"आजोबा, थांबा की! आधी फोटो तरी बघा," नात म्हणाली.

फोटोंत निळे प्लास्टिकचे ड्रम होते. दारात, गच्चीवर, टँकरपुढे, रांगेनं. पाणी एकाही फोटोत दिसत नव्हतं. मग तिनं 'नदी' टाकून पाहिलं. स्क्रीनवर आला तो रंग माझ्या कपातल्या चहाचाच होता.

ग्रुपवर तोवर अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात एक निरोप चहाच्या रंगाची गोदावरी काढणाऱ्या त्या मुलीचा. तिचं आता बाजारात ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर आहे. 'सर, तुमचं खरं हाय. आमच्या ड्रमात बी निळंच दिसतंय.' खाली हसणारे चेहरे.

दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानात गेलो. ती एका बाईच्या साडीला कापड लावून बघत होती. राखाडी रंगाच्या सात थानांतलं नेमकं एक तिनं न बघताच ओढलं आणि कापायला घेतलं. मी हळूच म्हणालो, "त्या परीक्षेचा फॉर्म... तुझ्या वडलांचा उशीर नव्हता. मीच पाठवला नाही."

तिची कात्री थांबली.

"मला कशाला सांगता, सर? त्यांना सांगा. लय बोललेय मी त्यांना त्याच्यावरून. अजून बी भांडण झालं की तेच काढते."

वडील मागे स्टुलावर बसून अस्तराच्या घड्या घालत होते. त्यांना ऐकू कमी येतं. मी वाकून कानाशी सांगितलं.

"काय? मोठ्यानं बोला, गुरुजी."

मी मोठ्यानं बोललो. गिऱ्हाईक बाया वळून बघायला लागल्या.

"आं? कुणाची सही?"

"तुमची! तुम्ही वेळेवर केली होती! फॉर्म मी दाबून ठेवला! मी खोटं बोललो!"

वर्गात कधी काढला नसेल एवढा आवाज मी काढला. समोरचा पानवालाही दाराशी आला. म्हाताऱ्यानं हातातली घडी नीट पुरी केली, थप्पीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता लेकीला हाक मारली.

"बाई, ऐकलंस का? का गुरुजींना आणखी एकदा सांगायला लावू?"

"ऐकलं, दादा," ती म्हणाली. आणि गिऱ्हाईक तसंच ठेवून आत त्यांच्यापाशी जाऊन बसली.

मला कुणी बसा म्हणालं नाही.