इंजिनाचा पहिला घास

मी आज जो काही आहे तो करमाळ्याच्या माझ्या मावशीमुळे. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री माझी, पण तिच्यासाठी राबली मावशी. तिच्या यजमानांच्या माघारी त्यांची पिठाची गिरणी तिनं चालवली. पदर खोचून डिझेल इंजिनाचं चाक स्वतः फिरवलं आणि लोकांच्या दळणावर मला आधी करमाळ्यात, मग पुण्याच्या कॉलेजात शिकवलं. त्या पिठानं तिची छाती धरली होती. खोकल्याची उबळ आली की ती खांबाला टेकायची आणि उबळ ओसरल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "तू एकदा नोकरीत कायम हो. त्याच दिशी इंजिन इकते बग."

बी.एस्सी. होऊन मी सोलापूरला एका कापड गिरणीच्या इंजिनघरात हंगामी मदतनीस म्हणून लागलो. शुक्रवार पेठेत खोली घेतली. घेताना मावशीचं अंथरूण कुठं पडेल ते आधी पाहिलं.

कायम करणं गिरणीच्या मालकांच्या, आमच्या शेठजींच्या हातात होतं आणि शेठजींच्या डोक्यात त्या वर्षी होडी शिरली होती. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी मुंबईत ती विकत घेतली. शिडाची, पोटात डिझेल इंजिन असलेली, समुद्रात आठवडाभर राहता येईल अशी. आत निजायला फळ्या, स्वयंपाकाला स्टोव्ह, भिंतीला होकायंत्र. ही होडी रेल्वेच्या वाघिणीतून आली आणि बैल लावून हिप्परग्याच्या तलावात सोडली गेली. त्या तलावात कुठंही उभं राहिलं तरी समोरच्या काठावरच्या म्हशी दिसतात. शेठजी पाहुण्यांना होकायंत्र दाखवून गंभीरपणे म्हणायचे, "ही उत्तर." पाहुणेही तितक्याच गंभीरपणे मान डोलवायचे. उत्तरेला तुळजापूर आहे हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"ते बी.एस्सी. आहेत ना, त्यांच्याकडे द्या इंजिन," असं शेठजींनी सांगितलं आणि ते माझ्याकडे आलं. मला आनंदच झाला. यंत्र चांगलं होतं. होडीच्या पोटात उतरायच्या जिन्याच्या फळीखाली एका खड्ड्यात ते बसवलेलं होतं. त्याला हात लावायचा तर पोटावर पालथं पडावं लागे. ते गार राहावं म्हणून तलावाचंच पाणी एका नळीनं आत खेचलं जाई आणि होडीच्या मागच्या अंगानं बाहेर टाकलं जाई. नळीच्या तोंडाची जाळी शेवाळानं भरायची, ती मी रोज काढून धुवायचो. सुरू करताना आधी दट्ट्यावरचा दाब मोकळा करायचा, हँडल फिरवून वेग आणायचा आणि मग खटका पाडायचा. धडधड सुरू झाली की मागं जाऊन पाणी पडतंय का ते पाहायचं. यातलं निम्मं मी करमाळ्यालाच शिकलो होतो.

शेठजींची देखभालीची कल्पना वेगळी होती. त्यांनी इंजिनाला रुपेरी रंग देववला. तेल कुठून झिरपतंय ते त्या रंगामुळं मला दिसेनासं झालं. पाहुण्यांना मात्र रंग फार आवडला.

"दसऱ्याला होडीनं सीमोल्लंघन करायचं," शेठजी एकदा म्हणाले. "मंडळी घेऊन पलीकडच्या काठाला जायचं, परत येऊन सोनं लुटायचं. होडी नीट गेली-आली की दुसऱ्या दिवशी तुम्ही कायम. काय बी.एस्सी.?"

मी त्याच दिवशी मावशीला कळवलं. तिनं शेजाऱ्याकडून उत्तर लिहवून घेतलं. इंजिनाला गिऱ्हाईक पाहिलं आहे, दिवाळीला देऊन टाकते.

खंडेनवमीला तलावाच्या काठावर मांडव पडला. गिरणीतली सगळी हत्यारं त्या दिवशी पूजेत असतात. माझे पानेही हळदकुंकू लावून पाटावर मांडले होते. भटजींबरोबर सगळे होडीत उतरले. इंजिनाच्या चाकाला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला. इथपर्यंत ठीक होतं. मावशीही आपल्या इंजिनाला कुंकू लावते. मग शेठजींनी काशीहून आणलेला तांब्याचा गडू मागितला, त्याची लाख फोडली आणि डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं.

"शेठजी, ते डिझेलचं तोंड आहे!"

"मग? पहिला घास तोंडातच देतात," म्हणत त्यांनी सगळा गडू आत पालथा केला.

मंडळींनी जयजयकार केला. मी जयजयकार ओसरेपर्यंत थांबलो आणि हात जोडून सांगितलं की पाणी डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाला बसेल आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. तळाचा बोल्ट काढून पाणी सोडून देतो, फक्त एक पाना द्या.

"पूजेतला पाना? उद्या सोनं लुटेपर्यंत हत्यार उचलायचं नाही आणि इंजिनाला लोखंड लावायचं नाही. गिरणीचा रिवाज आहे."

"मग उद्या इंजिन तरी कसं चालवायचं?"

"चालवणं ही सेवा," शेठजी म्हणाले.

तिथं एक वकीलसाहेब होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गंगेनं मोक्ष मिळतो, बी.एस्सी., मग एवढंसं इंजिन चालणार नाही?" आणि सगळे हसले. यांतले निम्मे पदवीधर होते.

दसऱ्याच्या दुपारी मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, निदान शिडावर जाऊ. शेठजींनी मांडवाकडे बोट दाखवलं. पूजेवर सावली धरणारं ते पांढरंशुभ्र छत म्हणजेच आमची शिडं होती. भोकं पाडून बांबूंना बांधलेली.

इंजिन एका दमात सुरू झालं. नळीत आणि गाळणीत अजून चांगलं डिझेल होतं. शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू गंगेनंच साक्ष दिली. होडी ऐन मधोमध आली, तेव्हा धडधड अडखळली, दोनदा ठसकली आणि बंद पडली. मला मावशीचा खोकला आठवला.

"करा दुरुस्त!" शेठजी ओरडले.

"पाना पाटावर आहे," मी म्हणालो.

वारा होता, शीड नव्हतं. जरीचे फेटे बांधलेली मंडळी हळूहळू गिरकी घेत होती. होकायंत्राचा काटा तेवढा उत्तर सोडत नव्हता. शेवटी पलीकडच्या काठावरून गुळाच्या काहिलीत बसून, फळीनं पाणी मारत, एक शेतकरी आला. आमच्याकडे पावसाळ्यात लोक नदी अशाच काहिलीतून ओलांडतात. त्यानं सगळ्यांना नीट पाहून घेतलं.

"कुटं निगालाव म्हनायचं?"

"सीमोल्लंघनाला," वकीलसाहेब म्हणाले.

"मग हितंच थांबा की! आमच्या गावाची शीव अर्ध्या तळ्यातनंच जाती." आणि तो काहील हलेस्तोवर हसला.

त्यानं आमचा दोर काठावर नेऊन बैलांच्या जुवाला बांधला. समुद्रावर राज्य करायला बांधलेली ती होडी सर्जा-राजानं चिखलातून ओढत काठाला लावली. तिथून मंडळी बैलगाडीतून तलावाला वळसा घालून मांडवात आली आणि मागाहून होडीही बैलांनी काठाकाठानं ओढत आणली.

शेठजींनी मला मांडवाच्या मागं नेलं. आवाज एकदम मऊ झाला होता. "हे बघा, गंगाजलानं होडी अडली असं गावात पसरलं तर अपशकुन होईल. तुम्ही तेल भरायला विसरलात, एवढंच मंडळींना सांगा. उद्या तुम्ही कायम."

म्हणजे इंजिनवाला निष्काळजी आहे असं चारचौघांत ठरलं की त्याला इंजिनावर कायम करायचं! मी जन्मात एवढा मोठा हुद्दा एवढ्या घाणेरड्या रीतीनं देऊ केलेला पाहिला नाही. पण मी लगेच नाही म्हणालो नाही. खांबाला टेकलेली मावशी डोळ्यांपुढं होती. मग वाटलं, हिनं पिठात उभं राहून मला शिकवलं ते पाणी जड की तेल जड हे कळावं म्हणून. तेच मी विसरल्याचं सोंग करायचं?

मंडळींनी सोनं लुटलं. रिवाजाप्रमाणे हत्यारं आता मोकळी झाली. मी पाटावरचा पाना उचलला, तोच रिकामा गडू घेतला, होडीत पालथा पडलो आणि तळाचा बोल्ट सैल केला. गडू पाण्यानं भरला, वर डिझेलचा तवंग आला. तो मी मांडवात सगळ्यांसमोर शेठजींच्या पुढं धरला.

"शेठजी, आपलं गंगाजल."

वकीलसाहेबांनी सवयीनं तीर्थासाठी हात पुढं केला. वास आला तसा मागं घेतला.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाले. खोलीवर आल्यावर मी लिहायला बसलो.

"ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

इंजिन कुणाला देऊ नकोस. शब्द दिला असशील तर परत घे, माझं नाव सांग. मी कायम झालो नाही. का, ते समोर बसून सांगेन. तू हसशील आणि खोकशील, तेव्हा जवळ पाणी द्यायला कुणी हवं.

परवाच्या मोटारीनं येतो. यापुढं चाक मी फिरवीन आणि जात्यापाशी मी उभा राहीन. तू बाहेर ओट्यावर बसून दळण घ्यायचंस. पिठात पाऊल टाकायचं नाही, ही माझी एकच अट. सोलापुरात दुसरीकडे नोकरी पाहायची ती तुझी छाती मोकळी झाल्यावर पाहू.

खंडेनवमीची पूजा केली असशीलच. कुंकू चाकालाच लावलंस ना? टाकीचं झाकण घट्ट ठेव आणि मी येईपर्यंत कुणाला उघडू देऊ नकोस, मग तो कितीही मोठा माणूस असो."