ताईच्या मापाचे कपडे

ताई गेल्याचा फोन सकाळी आला आणि दुपारपर्यंत मी निधनवार्ता लिहूनही दिली होती. ‘अल्पशा आजाराने शांतपणे निधन.’ दोन्ही खोटं. आजार दोन वर्षं पुरला, आणि ताई दातओठ खात गेली. त्यात माझा वाटा आहे. तो आजवर कोणाला सांगितला नाही.

आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. मी काडीपैलवान, थोरली ताई अंगानं दणकट. मला कोणी मारलं की ती अनवाणी धावायची, त्या पोराची कॉलर धरून त्याला नळाच्या कट्ट्यावर आपटायची आणि मग मला विचारायची, “तू काय केलं होतंस रे?” गोळाफेकीत बक्षिसं मिळवून ती शाळेत पीटीची बाई झाली. जाडी म्हणणाऱ्याला सुनवायची, “गोळा काय फुंकरीनं जातो का?” स्वतःच्या शरीराची लाज तिला ठाऊकच नव्हती... ती हॉस्पिटलनं शिकवली.

स्तनाचा कॅन्सर निघाला आणि ती शनिवार पेठेत माझ्याकडे राहायला आली. केमोच्या आधी वजन करायचं, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो. सोबतच्या स्टेरॉइडनं ती फुगत चालली होती. काट्याजवळचा ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, वजन मोठ्यानं पुकारायचा. एकदा म्हणाला, “केमोत माणसं वाळतात, काकू. तुम्हाला चांगली मानवलेली दिसते!” रांग हसली. मीही हसलो. आत सिस्टर सुई खुपसून खुपसून शीर शोधत होती, “एवढ्या चरबीत सापडायची कुठं?” असं पुटपुटत. ताईचा हात कोपरापर्यंत काळानिळा झाला.

त्यानंतर वजनाची तारीख जवळ आली की ताई उपाशी राहू लागली. नुसता कोरा चहा. उलट्यांनी पोखरलेलं शरीर तिनं स्वतःच बडवायला घेतलं. रक्तातल्या पेशी घसरल्या, केमो पुढं ढकलली, पुन्हा ढकलली. डॉक्टरांनी मला विचारलं, “जेवण नीट आहे ना?” ताई माझ्याकडे रोखून बघत होती. “हो, व्यवस्थित,” मी म्हणालो. मला भांडण नको होतं, तिच्याशीही आणि त्यांच्याशीही.

आजार यकृतात पोचला आणि ती भराभर झिजली. शेवटचं दाखल केलं तेव्हा व्हीलचेअरवरून उठवून तिला काट्यावर उभी केली, तर समोर तोच ब्रदर. “अरे वा, काकू! आता कशा फिट दिसताय. आम्हालाही सांगा की डाएट!”

ताईनं मान वळवली. “मार त्याला,” ती मला म्हणाली. आवाज मैदानावरचा.

“ताई, जाऊ दे...”

“मुस्काट फोड त्याचं. अरे, एकदा तरी!”

मी ओशाळं हसलो. मग तिनंच हात उगारला. तो मी मनगटाला धरून खाली दाबला, चांगला जोर लावून, आणि त्याला म्हणालो, “सॉरी हं, त्रासल्यात त्या.” माझ्या बोटांचे वळ तिच्या मनगटावर उमटले. ते विरायच्या आत ती गेली. तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तेराव्यानंतर मामींनी ताईचं कपाट उघडलं. ती झिजल्यावर तिचे ड्रेस मी टेलरकडे द्यायला काढले होते, तेव्हा तिनं हिसकावून घेतले होते. “हात लावशील तर बघ. मी परत भरणार आहे.” मामींनी त्यातला एक कुर्ता अंगाला लावून पाहिला. “अगंबाई! एकात दोघी मावतील की!” जमलेल्या बायका हसल्या.

मी कपाटाचं दार असं आपटलं की त्यावरचा आरसा खळकन खाली आला. मामींची बोटं थोडक्यात वाचली.

“वेड लागलंय का तुला?”

“मामी, चप्पल घाला. निघा.”

काच लागून माझ्या तळव्यातून रक्त ठिबकत होतं. मामींची चूक केवढी आणि माझा राग केवढा, हे मला कळतं. माफी अजून मागितलेली नाही. आरसाही बसवलेला नाही. दार उघडलं की ताईचे ड्रेस दिसतात, पुऱ्या मापाचे. एकाचीही शिवण आत घेतलेली नाही.