डॉक्टर मोंकायोंचे गुण

पास्तो शहरात वकिलाला सगळेच डॉक्टर म्हणतात. एव्हेलिओ मोंकायोंना तर घरी बायकोही डॉक्टरच म्हणे. कोर्टाची पायरी आपण शेवटची कधी चढलो, हे त्यांना आठवत नव्हतं. म्हणूनच की काय, विद्यापीठानं ‘प्रात्यक्षिक वकिली’ ऑनलाइन शिकवायला त्यांनाच बसवलं. कोट, टाय, मागे कधी न उघडलेल्या कायद्याच्या पुस्तकांची भिंत. आवाज असा, की घशात न्यायाधीशच मुक्कामाला आलाय!

सुरुवातीला नाटकमंडळातली पोरं अशील बनून पडद्यावर यायची, रडायची. विद्यार्थी त्यांना सल्ला द्यायचे आणि डॉक्टर सगळ्यांना पाचपैकी गुण वाटायचे. या सोमवारपासून खरे अशील येणार, असं विभागानं कळवलं होतं. पण डॉक्टर सूचना वाचत नसत. ते सूचना देत.

सोमवारी आली क्लेमेन्सियाबाई, बाजारात हातगाडीवर एम्पानाडा, म्हणजे तिखट सारणाच्या करंज्या, तळणारी.

“डॉक्टरसाहेब, पालिकेची माणसं माझी गाडी उचलायला आलीत! थांबवायचा अर्ज आत्ता पाठवा हो!”

“हं…” डॉक्टरांनी डोळे मिटले. “सुरुवात बरी. पण बाई, हुंदका जरा उशिरा. आधी नाव, मग व्यथा, मग अश्रू.”

“अहो, कसला हुंदका! ट्रक आलाय!”

तिनं फोन फिरवला. दोन गडी गाडी ओढत होते. कढई रस्त्यात उपडी पडली होती.

“वा, देखावा झकास! गडी मात्र फारच ओढूनताणून करतायत.”

यामिले या विद्यार्थिनीनं अर्ज एव्हाना लिहूनही टाकला होता; डॉक्टरांच्या सहीवाचून तो पुढे जाईना. “डॉक्टर, ही नाटकातली नाही! खरी आहे! सही करा ना!”

“मध्ये बोलायचं नाही. मी गुण देतोय. तीन पूर्णांक आठ.”

तेवढ्यात ट्रक गाडी घेऊन गेला. पडद्यावर उरला तेलाचा ओघळ, आणि मग क्लेमेन्सियाचं लालबुंद तोंड.

“तीन पूर्णांक आठ? आण ते इकडे! त्यावरच एम्पानाडा तळते आणि पहिली तुझ्या घशात कोंबते!”

आता कुठे डॉक्टरांच्या डोक्यात उजेड पडला. “आवाज… तुटतोय… नेटवर्क…” म्हणत त्यांनी तोंड उघडंच ठेवलं आणि पापणीही न हलवता अडकलेल्या चित्राचं सोंग घेतलं.

मागच्या पुस्तकांवरून त्यांचं मांजर शेपटी उडवत निवांत निघालं.

“मेल्या,” क्लेमेन्सिया ओरडली, “मांजर चालतंय की तुझं!”